मोटरवर सरकणारं स्टिअरिंग आणि मध्ये सापडणारा हात

लोडसेल

नमस्कार मंडळी. काचांच्या अँटी-पिंचवर (मध्ये हात सापडला की मोटर थांबून उलट फिरण्याची सोय) इथे पूर्वी बरंच लिहून झालंय. स्टिअरिंग कॉलमबद्दल, म्हणजे स्टिअरिंग ज्या दांड्यावर बसवलेलं असतं त्याबद्दल, मात्र मराठीत काहीच सापडलं नाही, म्हणून हा धागा. मी चाकणजवळ सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे. कंपनीतले आकडे इथे देणार नाही. खालचे आकडे साध्या सूत्रांतून काढलेले आहेत, कुणालाही पडताळून बघता येतील.

आधी थोडी ओळख. मर्सिडीज एस-क्लास, बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीज, लेक्सस अशा गाड्यांत स्टिअरिंग वर-खाली किंवा पुढे-मागे करायला लिव्हर नसते. कॉलमच्या बाजूला छोटी कळ असते आणि आत दोन डीसी मोटर, एक टिल्टसाठी (वर-खाली), एक टेलिस्कोपसाठी (पुढे-मागे). मोटरला वर्म गिअर (वेग कमी करून जोर वाढवणारा गिअर), त्याच्यापुढे स्क्रू, आणि स्क्रूवर नट सरकतो. गाडी बंद करून दार उघडलं की स्टिअरिंग आपोआप वर आणि डॅशबोर्डच्या दिशेने जातं, म्हणजे उतरायला जागा होते. ह्याला ‘इझी एंट्री’ म्हणतात. पुन्हा बसून गाडी चालू केली की ते खाली, आपल्याकडे येतं. सीटच्या मेमरीला हे जोडलेलं असतं. आपल्याकडे अशा गाड्या आठवडाभर ड्रायव्हर चालवतो आणि रविवारी मालक. त्यामुळे मेमरीची बटणं खरोखरच रोज दाबली जातात.

हात-पाय कुठे सापडू शकतो? स्टिअरिंग डॅशबोर्डकडे जाताना रिमच्या मागे, कॉलमच्या कव्हरवर टेकवलेली बोटं मीटरच्या पॅनेलखाली जातात. टिल्ट खाली येताना रिम आणि मांडी. चालकाकडे येताना स्टिअरिंगचा मधला भाग आणि पोट. मुलं ड्रायव्हरच्या सीटवर गुडघे टेकून स्टिअरिंगच्या मागे हात घालतात, ती तर वेगळीच तऱ्हा.

मोटरच्या अंगाने हे ओळखायची सगळ्यांत स्वस्त रीत म्हणजे करंट बघणं. डीसी मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, करंटच्या प्रमाणात असतो. अडथळा आला, टॉर्क वाढला, करंट वाढला, थांबा. कागदावर इतकं सोपं आहे.

आता हिशेब करू. स्क्रू एका फेऱ्यात नटला ४ मिमी पुढे नेतो असं धरा, वर्मचं गुणोत्तर १५, कॉलमचा वेग सेकंदाला २० मिमी. म्हणजे मोटर मिनिटाला ४५०० फेरे घेतेय. स्क्रूची कार्यक्षमता ४० टक्के आणि वर्मची ६० टक्के धरली, तर बोटावर आलेल्या ५० न्यूटनसाठी मोटरला जादा टॉर्क लागतो सुमारे ०.००९ न्यूटन-मीटर. मोटरचा स्थिरांक (दर अँपिअरला मिळणारा टॉर्क) ०.०२ असेल तर करंट वाढेल जेमतेम ०.४ ते ०.४५ अँपिअर. मोटर एरवी चालतानाच दोन-अडीच अँपिअर घेत असते. पाच किलोच्या वजनाइतका दाब बोटावर आहे आणि करंटच्या आलेखात फक्त एवढासा उंचवटा! नट जरा तिरपा बसला, ग्रीस घट्ट झालं, तरी तेवढाच उंचवटा येतो. हाताचा दाब आणि यंत्राचं घर्षण वेगळं काढणं हे ह्या कामातलं खरं कठीण दुखणं आहे.

आणि एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. स्क्रूची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या आत असली की तो उलट्या बाजूने ढकलून फिरत नाही. हा गुण मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर खड्ड्यात स्टिअरिंग आपसूक सरकेल. पण त्यामुळे मोटर नुसती थांबवली तर सापडलेलं बोट दाबलेलंच राहतं. ढकलून स्टिअरिंग मागे जात नाही. म्हणून अडथळा ओळखणं हे निम्मंच काम झालं. ओळखल्यावर उलट फिरून काही मिलिमीटर मागे येणं तितकंच आवश्यक आहे. काही डिझाइनमध्ये फक्त ‘थांबा’ एवढंच असतं, आणि ते मला पटत नाही.

ज्यांनी काचा, सनरूफ, सीट, डिकीचं पॉवर झाकण यांवर काम केलंय त्यांनी लिहावं.

---

साधासरळ

लेख चांगला आहे, पण शंका विचारतो. २० मिमी प्रति सेकंद म्हणजे अगदी हळू. माणूस हात काढून घेणार नाही का? काच धाडकन वर येते, तिथे अँटी-पिंच हवंच. इथे इतका खटाटोप कशासाठी?

---

लोडसेल

@साधासरळ, हात मोकळा असेल आणि लक्ष असेल तर काढून घेईल. पण इझी एंट्री चालू होते तेव्हा माणूस उतरत असतो, अर्धा बाहेर, नजर रस्त्यावर. पाठीमागून दुसरा हात रिमच्या आत आधाराला असतो. मूल असेल तर ते दचकून हात आणखी आत घालतं.

ताकदीचंही सांगतो. मोटर निवडताना सगळ्यांत वाईट दिवस धरून निवडतात: लेहमध्ये पहाटे गोठलेलं ग्रीस, बॅटरी ९ व्होल्टवर आलेली, एअरबॅगसकट स्टिअरिंगचं वजन वर उचलायचं. त्या दिवशीही ते सरकलं पाहिजे. आता तीच मोटर पुण्यात नोव्हेंबरमध्ये १३.५ व्होल्टवर चालतेय, घर्षण कमी आहे. वाईट दिवसासाठी राखून ठेवलेली सगळी ताकद आज शिल्लक आहे, आणि मध्ये बोट आलं तर ती सगळी बोटावर येते. काही शे न्यूटनपर्यंत सहज जाऊ शकते. हळू सरकतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. मागे एवढा मोठा गिअर आहे म्हणूनच ते हळू आहे, आणि त्याच गिअरमुळे ते दमदारही आहे.

---

ट्रॉयवाली

मी मिशिगनमध्ये इंटिरिअरच्या सेफ्टीवर काम करते. नियमांबद्दल थोडं.

अमेरिकेत एफएमव्हीएसएस ११८ हा गाड्यांच्या सुरक्षेचा सरकारी नियम पॉवर विंडो, पार्टिशन आणि छताच्या पॅनेलसाठी आहे. रिमोटने किंवा चावी काढल्यावर बंद होणारी काच ४ मिमी ते २०० मिमी व्यासाच्या चाचणीच्या दांड्यावर १०० न्यूटन दाब यायच्या आत उलटी फिरली पाहिजे, असं तो सांगतो. युरोपकडच्या यूएन आर२१ मध्येही (संयुक्त राष्ट्रांचा गाडीच्या अंतर्भागासाठीचा नियम) १०० न्यूटनच आहे. ४ मिमी म्हणजे लहान मुलाचं बोट, २०० मिमी म्हणजे डोकं, असं साधारण समजा. स्टिअरिंग कॉलम एफएमव्हीएसएस ११८ च्या कक्षेत येत नाही. त्यामुळे कॉलमवाले हाच १०० न्यूटनचा आकडा उसना घेतात आणि गाडी बनवणारी कंपनी स्वतःच्या स्पेसिफिकेशनमध्ये तो आणखी खाली आणते.

पण ‘१०० न्यूटन’ एवढं म्हणून भागत नाही. दांड्याच्या मागे स्प्रिंग किती कडक, ते बघा. आर२१ मध्ये ती मिलिमीटरला १० न्यूटन आहे. अमेरिकन नियमात २५ मिमीपर्यंतच्या दांड्याला किमान ६५, त्याहून जाड दांड्याला किमान २०.

समजा तुमचं सॉफ्टवेअर अडथळा लागल्यापासून १०० मिलिसेकंदांत निर्णय घेतं. लोडसेलच्या वेगाने तेवढ्यात स्टिअरिंग २ मिमी पुढे जातं. १० च्या स्प्रिंगवर दाब झाला २० न्यूटन, उत्तम. २० च्या स्प्रिंगवर ४०. ६५ च्या स्प्रिंगवर १३०, म्हणजे नापास! मोटर तीच, सॉफ्टवेअर तेच. मऊ मांडीवर पास झालेला कॉलम बोटाच्या हाडावर नापास होऊ शकतो. म्हणून रिपोर्टमध्ये नुसता ‘जास्तीत जास्त दाब’ लिहिला असेल तर मी तो परत पाठवते. स्प्रिंगचा आकडा शेजारी हवा.

पोटाबद्दल तर मला अगदी ठाम म्हणायचंय. गरोदर बाई गाडीत बसते, मागच्या वेळी नवऱ्याने चालवलेली असते, चावी ओळखून मेमरी चालू होते आणि स्टिअरिंग तिच्याकडे यायला लागतं. तिथे १०० न्यूटन ही मर्यादा मला मान्यच नाही. बोटाच्या दांड्यावरून काढलेला आकडा पोटाला लावू नये. चालकाकडे येणाऱ्या हालचालीसाठी मर्यादा वेगळी आणि बरीच खाली ठेवावी.

---

तेरा नंबरचा पाना

गॅरेजमधला अनुभव लिहितो. आमच्याकडे जुन्या आयात गाड्या येतात. तक्रार ठरलेली: “स्टिअरिंग अर्ध्यात थांबतं आणि मागे जातं.” मालकाला वाटतं मोटर गेली. कव्हर उघडून बघावं तर कुणीतरी आधी नटवर व्हीलबेअरिंगचं जाड ग्रीस भरून ठेवलेलं असतं. त्यात धूळ बसून चिकटा होतो. घर्षण वाढलं की कंट्रोलरला वाटतं मध्ये हात आहे. बिचारा आपलं काम इमानाने करतोय. जुनं ग्रीस पूर्ण पुसून, प्लास्टिकच्या नटला चालणारं ग्रीस कंपनीने सांगितलंय तेच आणि तेवढंच लावलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

बॅटरी काढून लावली की कॉलमला आपली जागा आठवत नाही, अशा गाड्या असतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन त्याला टोकं शिकवावी लागतात. ते न करता गाडी दिली तर स्टिअरिंग भलत्याच जागी थांबतं. आणि हे शिकवत असताना आत हात घालायचा नाही, पोरांना मी हे दहादा बजावतो. त्या वेळी अडथळा ओळखणं पूर्ण चालू असेलच, ह्याचा भरवसा नसतो.

गिऱ्हाईक म्हणतं, “ते मागे यायचं बंद करून द्या.” मी देत नाही. कुणी दिलं तर घेऊ नका.

---

बिटवाईज

पानाकाकांनी टोकं शिकवण्याचा मुद्दा काढला तो सॉफ्टवेअरच्या बाजूने फार नाजूक आहे. शेवटच्या टोकाला कॉलम आदळला की करंट वाढतोच. म्हणून सॉफ्टवेअर जागा मोजत राहतं, हॉल सेन्सरच्या (चुंबकावरून फेरे मोजणारा सेन्सर) पल्सवरून, किंवा मोटरच्या कम्युटेटरमुळे (फिरत्या तारांना आळीपाळीने वीज देणारा भाग) करंटमध्ये ज्या बारीक लहरी येतात त्या मोजून. टोक जवळ आलं की ‘हा वाढलेला करंट टोकाचा आहे’ असं धरतं. आता मोजणी चुकली, चार-पाच मिमीने घसरली, तर टोकाच्या जरा अलीकडे सापडलेलं बोट सॉफ्टवेअरला ‘टोक’ वाटणार. आणि बोटं तर नेमकी टोकाजवळच सापडतात, कारण फट तिथेच सगळ्यांत अरुंद असते. लहरी मोजण्याच्या पद्धतीत कमी व्होल्टेजला, हळू वेगात मोजणी चुकायची शक्यता जास्त. पैसे वाचतात खरे, पण कॉलमसाठी मी हॉल सेन्सरच मागेन.

दुसरा आंधळा कोपरा सुरुवातीचा. मोटर थांबलेली असते तेव्हा बॅक-ईएमएफ (फिरणारी मोटर उलट तयार करते तो व्होल्टेज) शून्य, त्यामुळे चालू होताना करंटची उसळी येते. ती अडथळा समजली जाऊ नये म्हणून पहिले १००-२०० मिलिसेकंद बघणंच बंद ठेवतात. पण बोट आधीपासून टेकलेलंच असेल तर? २०० मिलिसेकंदांत ४ मिमी. वर ताईंनी दिलेल्या ६५ च्या स्प्रिंगवर २६० न्यूटन, निदान कागदावर तरी. उपाय आहे: व्होल्टेज पीडब्ल्यूएमने (वीज भराभर चालू-बंद करून) हळूहळू चढवायचं म्हणजे उसळीच येत नाही. आणि नुसता करंट न बघता व्होल्टेज, करंट आणि वेग या तिन्हींवरून बाहेरचा भार किती ते सतत काढत राहायचं. मग आंधळा काळ पुष्कळ कमी होतो.

तापमानही ह्यात धरावं लागतं. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभी असलेली गाडी धरा, २५ वरून ७५ अंश. रोध जवळपास २० टक्के वाढला. फेराइट मॅग्नेटची ताकद अंशाला साधारण ०.२ टक्क्यांनी घटते, म्हणजे १० टक्के कमी. तोच टॉर्क द्यायला आता करंट जास्त लागतो. मर्यादा एकच ठेवली तर उन्हात विनाकारण उलट फिरेल, किंवा उन्हासाठी मर्यादा वाढवून ठेवली तर थंडीत बोट जास्त दाबेल.

---

साधासरळ

मग सॉफ्टवेअरला रोज शिकू द्या की. घर्षण वाढत गेलं तर त्यानेच मर्यादा सरकवावी. हल्ली सगळं शिकतं म्हणतात.

---

बिटवाईज

शिकवतात, पण लगाम घालून. प्रत्येक जागेला, दर काही मिलिमीटरला, नेहमीचा करंट किती याची नोंद ठेवतात आणि ती सावकाश बदलू देतात. धोका असा की स्क्रू खराब होत चालला तरी सॉफ्टवेअर ते ‘नेहमीचं’ म्हणून पचवत जातं आणि मर्यादा चढत राहते. म्हणून वर एक भिंत हवी: इतक्यापलीकडे शिकायचं नाही, सरळ दोष नोंदवायचा आणि आपोआप हालचाल बंद करायची. कळ दाबून हलवता आलं तरी पुरे.

मऊ अडथळा हा आणखी वेगळा विषय. बोट लागलं की करंट चटकन चढतो, चढ बघून ओळखता येतं. मांडी किंवा स्वेटर घातलेलं पोट लागलं की करंट हळूहळू चढतो, अगदी ग्रीस घट्ट झाल्यासारखा. नुसता चढ बघणारी पद्धत तिथे फसते, नुसती वरची मर्यादा बघणारी पद्धत बोटाला उशीर करते. दोन्ही एकदम चालवावी लागतात.

---

स्टुटगार्टकर

इथे सध्या आत मिटणाऱ्या स्टिअरिंगची चर्चा असते. गाडी स्वतः चालत असताना स्टिअरिंग डॅशबोर्डमध्ये जाणार आणि हवं तेव्हा बाहेर येणार. लेव्हल ३ मध्ये (ठरावीक परिस्थितीतच गाडी स्वतः चालते) गाडीने सांगितल्यावर चालकाला ताबा घ्यावाच लागतो, यूएन आर१५७ मध्ये (लेन धरून आपोआप चालणाऱ्या गाड्यांचा नियम) ते स्पष्ट आहे. त्यामुळे ह्याचा खरा उपयोग लेव्हल ४ लाच, जिथे चालकाने ताबा घेण्यावर गाडी अवलंबून नसते. पण तिथे प्रवास काही सेंटिमीटरचा राहत नाही, बराच लांब होतो, आणि बाहेर येताना दहा सेकंद लावून चालत नाही. वेग दुप्पट केला की लोडसेल आणि ट्रॉयवाली यांच्या हिशेबातले मिलिमीटर दुप्पट होतात. नुसता मोटरचा करंट तिथे पुरणार नाही असं मला वाटतं. रिममध्ये हात आहे का ते ओळखणारा कपॅसिटिव्ह (मोबाईलच्या स्क्रीनसारखा स्पर्श ओळखणारा) सेन्सर बऱ्याच गाड्यांत आता असतोच, चालकावर लक्ष ठेवणारा कॅमेराही असतो. स्पर्श होण्याआधीच ‘समोर लॅपटॉप आहे, बाहेर येऊ नकोस’ हे त्यांच्याकडून कळू शकतं. मात्र जाड हातमोजे, अंधार, मांडीवर पांघरूण यांत ते कमी पडतात. म्हणून मोटरवरची पहारेदारी काढून टाकायची नाही, तिच्या जोडीला हे ठेवायचं.

जुनी एक गोष्ट जाता जाता. १९६१ च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये उतरण्यासाठी स्टिअरिंग बाजूला सरकवता यायचं, पण गिअर पार्कमध्ये असेल तरच. मोटर नव्हती, पण चुकीच्या वेळी हलू नये ही काळजी तेव्हाही होती.

---

रेवाची आई

तांत्रिक भाग निम्माच कळला, पण विषय काळजीचा आहे म्हणून विचारते. आमच्या नात्यात अशी गाडी आहे आणि रेवा पुढे बसायला धावते. स्टिअरिंग सरकत असताना हात अडकलाच आणि ते मागे आलं नाही, तर त्या क्षणी काय करायचं?

---

लोडसेल

@रेवाची आई, पहिलं म्हणजे कॉलमवरची स्टिअरिंगची कळ कोणत्याही बाजूला हलवा. बहुतेक गाड्यांत आपोआप चाललेली हालचाल त्याने लगेच थांबते. नंतर कळ उलट दिशेला धरून ठेवा म्हणजे स्टिअरिंग मागे येईल. मेमरीचं बटण दाबूनही बऱ्याच गाड्यांत थांबतं. गाडीच्या पुस्तिकेत ‘इझी एंट्री’च्या पानावर नेमकं काय ते दिलेलं असतं. त्यांच्याकडे गेलात की ते पान उघडून गाडी उभी असताना एकदा करून बघा, कळ कुठे आहे ते हाताला माहीत हवं.

स्टिअरिंग हाताने ओढू नका, स्क्रू मागे येणार नाही आणि हात सोलवटेल. बॅटरीची वायर काढायला कुणी धावलं तर अडवा. वीज गेली की मागे आणायचा मार्गच बंद होतो. गाडी बंद करणं हाही उपाय नाही, काही गाड्यांत बंद केल्यावरच तर ते सरकायला लागतं. आणि सेटिंगमध्ये जाऊन इझी एंट्री बंद ठेवता येते. लहान मूल घरात असेल तर मी बंदच ठेवायला सांगेन. मुलांना गाडीत एकटं सोडू नये हे तर आहेच.

---

ट्रॉयवाली

लोडसेल, एक विचारायचं राहिलं. चालकाने स्वतः कळ दाबून धरली असेल तेव्हाही तुम्ही उलट फिरवता का? काचांच्या अमेरिकन नियमात चावी चालू असताना बटण धरून काच चढवली तर उलट फिरण्याची सक्ती नाही. दाबणाऱ्याला दिसतंय, तो सोडेल, असं त्यामागचं गृहीतक आहे.

---

लोडसेल

ताई, ते गृहीतक काचेला ठीक असेल, कॉलमला मला पटत नाही. कळ स्टिअरिंगच्या मागे असते, ती दाबणारा हातच फटीच्या सगळ्यांत जवळ असतो. डाव्या हाताने कळ धरलेली, उजवा हात कव्हरवर, अशी बसण्याची पद्धत आम्ही बेंचवर डमी हात ठेवून बघतो तेव्हा बोटं थेट पॅनेलच्या कडेखाली येतात. म्हणून माझं मत असं: कळ धरलेली असली तरी अडथळा लागला की थांबून मागे यावं, आणि पुढे न्यायचं असेल तर कळ सोडून पुन्हा दाबावी लागावी. ग्रीस घट्ट झालेल्या गाडीत हे त्रासाचं होईल, मान्य आहे.

@बिटवाईज, तुमचा आधीच टेकलेल्या बोटाचा मुद्दा आमच्या चाचण्यांच्या यादीत नीट नव्हता. आम्ही दांडा काही अंतरावर ठेवून कॉलम त्यावर आणत होतो, म्हणजे मोटर तोवर वेगात आलेली असायची. आता स्प्रिंग आधीच टेकवून, मोटर थंड आणि बॅटरी ९, १२ आणि १६ व्होल्टवर ठेवून, प्रवासाच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाच्या ५ मिमी अलीकडे, अशा नऊ जोड्या घ्यायच्या ठरवल्यात, १० आणि ६५ अशा दोन्ही स्प्रिंगवर. ह्यात आणखी कुठली स्थिती हवी असं कुणाला वाटत असेल तर शुक्रवारच्या आत लिहा, सोमवारी फिक्स्चर (चाचणीसाठी कॉलम पकडून ठेवणारा सांगाडा) बनवायला जातंय.

---

तेरा नंबरचा पाना

एक घाला. गाडी सुरू करताना स्टार्टर फिरतो तेव्हा व्होल्टेज एकदम पडतं, आणि स्टिअरिंग परत यायची वेळ नेमकी तीच. मोटर मध्येच मंद होते, मग एकदम जोर धरते. तो झटका देऊन बघा.

---

लोडसेल

घातलं, पानाकाका. दहावी जोडी तुमची.